गावदेवीच्या ओटीतलं माणूस

मी ज्या कोळीवाड्यात पंधरा वर्षं घरोघर फिरते आहे, तिथे "घरात माणसं किती?" असं विचारलं की खरा आकडा मिळत नाही. एक कमी मिळतो. सहा असतील तर पाच, नऊ असतील तर आठ. नवरा-बायको दोघंच राहत असतील तर बाई दारात उभी राहून खुशाल सांगते, "मी एकलीच हाय," आणि आतून नवऱ्याच्या घोरण्याचा आवाज येत असतो.

मी महापालिकेच्या दवाखान्याची आरोग्य सेविका. लसीकरणाला राहिलेली पोरं शोधायची, गरोदर बायांची नोंद करायची, ताप-खोकला विचारायचा, पिंपात डासांच्या अळ्या बघायच्या, थुंकी तपासायला डब्या द्यायच्या. राहते वाकोल्याला, आणि कोळीवाडा अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी. मधल्या काळात जवळची वस्ती घेण्याची संधी दोनदा आली होती, मी नाही म्हटलं. कामाची तळमळ वगैरे काही नाही. या बायका मला ताजा बोंबील बाजारात जायच्या आधी देतात, आणि भांडायला माझ्या तोडीच्या आहेत. दोन्ही गोष्टी सहज मिळत नाहीत.

पहिली दोन वर्षं मला ही चोरी कळलीच नव्हती. एका पोलिओच्या रविवारी एका घरातल्या दोन पोरांना डोस पाजून मी त्यांच्या करंगळीला शाई लावली आणि पुढे निघाले, तर उलथ्या होडीमागून तिसरी मुलगी आली आणि त्याच बाईला आई म्हणून बिलगली. करंगळी कोरी. मी विचारलं, "ही कोणाची?" बाई म्हणाली, "आमचीच. पण हिला धरायची नाय." मी तिथल्या तिथे आवाज चढवला. मला राग यायला वेळ लागत नाही, हे आमच्या घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. सरकारी कामात खोटं बोलता, लाज वाटत नाही का, असं बरंच काही बोलले. बाईने शांतपणे ऐकून घेतलं, मुलीला डोस पाजू दिला, आणि म्हणाली, "पाज. पन लिवू नको. ती गावदेवीच्या ओटीन हाय."

घरातलं एक माणूस गावदेवीच्या ओटीत ठेवायचं, म्हणजे सरकारला सांगायचं नाही, अशी तिथली पद्धत. बहुधा सगळ्यात लहान मूल ठेवतात. का, असं तरुण पोरींना विचारलं तर त्या खांदे उडवून म्हणायच्या, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे ना." खरं कारण मला मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे मासळी बाजारात ओळीने पहिली बसणारी बाई, वय सत्तरच्या आसपास, आवाज असा की समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक वळून यावं. त्यांचं घर माझ्या फेरीतलं शेवटचं. पाय दुखायला लागले की मी त्यांच्या ओट्यावर बसायची, आणि त्या मासे साफ करता करता मला नावं ठेवायच्या.

त्यांची आजेसासू शहराच्या हद्दीतल्या एका कोळीवाड्यातून लग्न होऊन इकडे आली होती. ती आठ वर्षांची असताना मुंबईत प्लेग आला. गोरे सोजीर आणि त्यांच्याबरोबरचे शिपाई घरोघर शिरायचे, माणसं ओळीत उभी करायचे, काखेत गाठ आहे का बघायचे, दारावर खूण करायचे आणि माणसं छावणीत न्यायचे. त्यांच्या दारात आले तेव्हा आईने या पोरीला मोठ्या हाऱ्याखाली, म्हणजे मासळीच्या टोपल्याखाली घातलं आणि वर सुके बोंबील रचले. वासाने सोजीर आत आलाच नाही. आई आणि दोन भाऊ मात्र गेले. संध्याकाळपर्यंत सोडतो म्हणाले होते. ते परत आले नाहीत, आणि हाऱ्याखालची पोर नव्वदी ओलांडून गेली. मावशी नवी सून म्हणून या घरात आल्या तेव्हा म्हातारी जिवंत होती. रोज सकाळी चहा पिताना ही गोष्ट सांगायची, असं मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मंग सांग, कोन शाना? खरा सांगनारा का लपवनारा?"

मी पिशवी उचलली आणि बस धरली.

घरी जाऊन मी आईला विचारलं, प्लेगात आपल्याकडे काय झालं. आमचे पणजोबा मालवणकडून गिरणीत कामाला आलेले. ते प्लेगात गावाला पळाले, एवढं मी ऐकून होते. आई म्हणाली, "पळाले खरे, पण गावान आत घेतल्यान नाय. माळावर खोपी बांधून रवाक लावल्यानी." म्हणजे कोळ्यांनी लपवलं आणि आम्ही पळालो. छावणीत कोणालाच जायचं नव्हतं, एवढंच काय ते सारखं.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर बाई तरुण आहेत आणि त्यांना वाचायची आवड आहे. त्यांनी मला एकदा हे सगळं नीट जोडून दाखवलं. साहेबाच्या राज्यात मुंबई माहीम आणि शीवला संपायची. मोठी इस्पितळं सगळी त्या हद्दीच्या आत, गोदी, गिरण्या आणि साहेबांचे बंगले होते तिकडे. अंधेरी, मुलुंड, बोरिवली म्हणजे भातशेती, मिठागरं आणि कोळीवाडे. इथल्या माणसाला काय होतं त्याच्याशी साहेबाला देणंघेणं नव्हतं. त्याचा रोग शहरात येऊ नये, एवढीच काळजी. पुढे उपनगरं शहरात आली, इमारती उभ्या राहिल्या, पण इस्पितळं काही चालत येत नाहीत. आजही अवघड दुखणं झालं की उपनगरातलं माणूस परळची वाट धरतं. आमचा दवाखाना म्हणजे मंडईच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. नर्सची जागा मंजूर होते ती वस्तीच्या लोकसंख्येवर, आणि वस्ती तर घरटी एक माणूस कमी सांगते. डॉक्टर बाई हसत म्हणाल्या, "तुमच्या त्या हाऱ्याखालच्या पोरीने माझी एक नर्स खाल्ली." मग रांग मोठी होते, औषधं महिनाअखेरीला संपतात, आणि लोक म्हणतात, सरकारी दवाखान्यात काय ठेवलंय. त्यांचंही खोटं नाही.

करोना आला तेव्हा प्लेगच्या वेळचाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. मला त्यातली कलमं माहीत नाहीत. मला एवढंच माहीत आहे की गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले, दारांवर कागद चिकटवले गेले, आणि घरातलं माणूस न्यायला गाडी आली तेव्हा गाडीच्या पुढे यादी घेऊन मी चालत होते. ज्यांच्या ओट्यावर मी चहा प्यायले होते त्या बायांनी खिडक्या लावून घेतल्या. मावशींच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या नाखव्याला मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं, आठ दिवसांत घरी याल. ते आले नाहीत. कोणाची चूक होती असं नाही, दुखणंच वाईट होतं. पण शब्द मी दिला होता. त्या घरासमोरून जाताना अजून माझी मान खाली जाते. त्या वर्षात गावदेवीच्या ओटीतली माणसं घरटी एकाची दोन-दोन झाली असणार. मी मोजली नाहीत.

खरी गोष्ट सुरू झाली ती त्यानंतर, दोन-तीन वर्षांनी. मावशींचा थोरला मुलगा बोटीवर जातो. त्याचा खोकला जाईना. थुंकी तपासली, टीबी निघाला. औषध सुरू केलं. अशा वेळी घरातल्या सगळ्यांची नावं लिहायची असतात, म्हणजे त्यांची तपासणी होते, कोणाला लागण असली तर तिथेच धरता येते. मावशी म्हणाल्या, "माझे घरान पाच मानसा." मुलगा, सून, धाकटा मुलगा, नातू आणि त्या स्वतः. सहावी नात. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, माझी पिशवी उघडून बघितल्याशिवाय मला पुढे जाऊ न देणारी. ती तिथेच ओट्यावर बसून माझं पेन खात होती, आणि मी पाच लिहिले.

ते माझं चुकलं. करोनानंतर मावशींनी मला पुन्हा चहा द्यायला नुकती सुरुवात केली होती आणि मला तो चहा घालवायचा नव्हता. पोरीचं नंतर बघू, गुपचूप करू काहीतरी, असं मनात म्हणाले. गुपचूप काही होत नसतं. दोन महिन्यांनी पोर माझ्याकडे पाठ करून बसली, वेणी घालून दे म्हणून. केस वर घेतले तर कानाखाली, मानेवर गाठ. सुपारीएवढी. दाबली तर पोर रडलीही नाही, नुसती म्हणाली, "ती हायच." मी वेणी पुरी घातली आणि उठले.

सुनेला बाजूला घेऊन सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "ताई, मी लगेच पाठवीन. पण तिच्या आजीनं ओटीत ठेवलंय तिला. त्यांच्याशी तुम्हीच बोला ना." मग मी मावशींशी बोलले. बोलले म्हणजे समजावलं, रागावले, हात जोडले. गाठीत सुई घालून तपासणी करावी लागेल, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल, आता आपल्या उपनगरातच सोय आहे, परळला जायला नको. मावशी मासा कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नेशील. मंग परत कवा आनशील?"

मी म्हटलं, "संध्याकाळी."

"आजेसासूच्या आयेला पन तसाच सांगितला व्हता," मावशी म्हणाल्या. नाखव्याचं नाव त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

चार दिवस मी त्यांच्या ओट्यावर गेले नाही. गेले तरी बोलणार काय होते? पाचव्या दिवशी त्यांनीच निरोप पाठवला. रात्रभर विचार करून त्यांनी तोडगा काढला होता. पोर ओटीतून बाहेर येईल, पण ओटी रिकामी ठेवायची नाही. म्हणून पोरीच्या जागी त्या स्वतः आत गेल्या. "लिव," म्हणाल्या, "पोर, तिचा बापूस, तिची आय, तिचा काका, तिचा भाव. पाच मानसा. मी नाय." मला त्या घडीला पोरीचं नाव हवं होतं. मी लिहून घेतलं.

रुग्णालयात पोरीला मी आणि सुनेने नेलं. रिक्षात ती आमच्या दोघींच्या मध्ये बसून मीटर मोठ्याने वाचत होती. सुई टोचली तेव्हा तिने माझ्या हाताचा चावा घेतला, तीच काय ती तक्रार. चारला आम्ही परत आलो. मावशी नाक्यावर औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. सकाळपासून. मासळी बाजारात त्यांची जागा आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर रिकामी राहिली, असं नंतर बायकांनी सांगितलं. पोर धावत गेली तर मावशींनी तिला जवळ घेतलं नाही, आधी मागेपुढे फिरवून नीट बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उन्हाची आलीस, पानी पी." मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून पाणी प्यायले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

गाठ टीबीचीच निघाली. औषध सहा महिन्यांचं. पोरीने ते गूळ खात खात घेतलं.

पण आता मावशी खोकत होत्या. सकाळी बाजारात ओरडताना त्यांचा आवाज मध्येच तुटायचा. मी म्हटलं, फोटो काढू छातीचा. त्या म्हणाल्या, "मी ओटीन हाय." मी डॉक्टर बाईंना विचारलं, नाव न लिहिता काढता येईल का? त्या म्हणाल्या, "नाव नाही तर चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही तर फोटो नाही, आणि औषध तर नाहीच. मला आवडतंय म्हणून नाही सांगत." तीन आठवडे मी मावशींच्या मागे लागले. त्या हसायच्या, खोकायच्या, मला कोलंबी द्यायच्या. शेवटी एक दिवस मी संतापले. कोलंबीची पिशवी ओट्यावर आपटून म्हणाले, "तुमच्या गावदेवीला एक माणूसच हवं ना? मग ठेवा मला ओटीत आणि तुम्ही बाहेर या."

बोलले ते रागात. माझ्या मनात काहीएक नव्हतं. पण मावशींचा हात थांबला. कोयता खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, जशा त्या गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला की बघतात. म्हणाल्या, "ओटीन घरातलाच मानूस लागतं." मग पुन्हा मासे कापायला लागल्या. मी कोलंबी उचलली आणि घरी आले.

दोन दिवसांनी सून मला दवाखान्यात बोलवायला आली. गावदेवीच्या देवळात मावशी नारळ, तांदूळ आणि खण घेऊन उभ्या होत्या. हिरव्या रंगाचा, चांगला जरीकाठी खण, काही तरी जुजबी नाही. त्यांनी मला देवीसमोर पाटावर बसवलं, माझी ओटी भरली, आणि देवीला हळू आवाजात सांगितलं, "ही आमची हाय. हिला कोनाला सांगनार नाय." एवढंच. देवळाबाहेर आल्यावर पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी माझ्याकडे वही मागितली नाही, पेन मागितलं नाही, नुसतं बोटांवर मोजून सांगितलं. मुलगा, सून, धाकटा, नातू, नात. "आनि मी. सहा." इतक्या वर्षांत त्या कोळीवाड्यात मला मिळालेला तो पहिला खरा आकडा. मी तो लिहिला, आणि मावशींचं पूर्ण नाव मला तोपर्यंत माहीत नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं.

फोटोत छातीवर डाग निघाला. वेळेवर निघाला, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. मावशींनी सहा महिने गोळ्या घेतल्या. बाजारात कोणी विचारलं तर सांगायच्या, डोळ्यांच्या आहेत. मी रोज गोळी घेतली का विचारायची आणि त्या रोज मला शिवी द्यायच्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला, समोरच्या फुटपाथपर्यंत.

बाकीची घरं अजून एक कमीच सांगतात. मी आता भांडत नाही. डॉक्टर बाईंनी वरती अर्ज केला आहे की ही वस्ती कागदावर आहे त्यापेक्षा मोठी आहे. नर्स अजून मिळालेली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांची भीती एका अर्जाने जाणार नाही, पण पोरीची गाठ गेली, मावशींचा डाग गेला, आणि मी त्यात होते. मला एवढं पुष्कळ वाटतं.

गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला. दुसऱ्यांच्या पिंपात अळ्या शोधणारीला डेंग्यू झाला म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी हसून घेतलं. दहा दिवस मी फेरीवर गेले नाही. अकराव्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. बाहेरून ओळखीचा आवाज आला, आणि मला वाटलं तापात भास होतोय. कारण त्या बाई मासळी बाजार आणि देऊळ सोडून कुठे जात नाहीत, आणि माझा पत्ता त्यांना मी कधी दिला नव्हता. दवाखान्यात जाऊन, डॉक्टर बाईंशी हुज्जत घालून त्यांनी तो मिळवला होता. नवऱ्याने विचारलं, "आपण कोण?"

"हिच्या घरची," मावशी म्हणाल्या, आणि सरळ आत आल्या.

पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. कपाळाला हात लावून बघितला, डोळ्यांखालची कातडी खाली ओढून बघितली, उशाशी ठेवलेल्या औषधांच्या पाकिटांवरून एकेक करून नजर फिरवली. वाचता त्यांना येत नाही. मग दवाखान्यातल्या बाईला जन्मभर दारातून खोटं सांगून परत पाठवणाऱ्या मावशींनी मला दरडावून विचारलं, "गोळ्या घेतल्यास?"

दुपारची राहिली होती. मी उठून बसले आणि त्यांच्या देखत घेतली.